भूक नसलेल्याचा उपवास

सात मुख्य पापांची यादी आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली आहे. त्यांपैकी सहा पापे माणसाच्या अंगावर दिसतीलच असे नाही. लोभी माणूस सडपातळ असू शकतो, मत्सरी माणूस देखणा असू शकतो आणि गर्विष्ठ माणूस तर पुष्कळदा अत्यंत नम्र दिसतो. खादाडपणाचे मात्र तसे नाही, अशी आपली समजूत आहे. ते पाप म्हणे शरीरावरच लिहिलेले असते. खादाडाचे चित्र काढायचे झाले, की चित्रकार एक ढेरपोट्या माणूस काढून मोकळा होतो. त्याच्या ताटात काय आहे, हे दाखवण्याचीही त्याला गरज वाटत नाही.

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या धर्मगुरुपणातील पंचवीस वर्षे हे चित्र अंगावर वागवीत मी वेदीपुढे उभा राहिलो. तीन वर्षांपूर्वी माझे वजन १३८ किलो होते, आज ते ९६ किलोच्या आसपास आहे. हा फरक उपवासाने झाला नाही, प्रार्थनेने झाला नाही आणि व्यायामाने तर मुळीच नाही. मुंबईच्या एका रुग्णालयात माझ्या जठराचा मोठा भाग कापून काढण्यात आला. या गोष्टीचा मी गाजावाजा केला नाही, तशी ती लपवलीही नाही. परंतु तिच्यामुळे काही प्रश्न उभे राहिले. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ते पुस्तकात होते, आता ते माझ्या ताटात आहेत. वाचकहो, त्यांचीच थोडी चर्चा येथे करावयाची आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडेसे, कारण तिच्याबद्दल आपल्या लोकांत विचित्र कल्पना आहेत. पुष्कळांना वाटते, की पोटावरची चरबी कापून वजन कमी करतात. तसे नाही. माझ्यावर जी शस्त्रक्रिया झाली, तिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी म्हणतात. दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची एक अरुंद नळी करतात. डॉक्टर तिला केळ्याची उपमा देतात. मी त्यांना विचारले, "राजेळी केळे की वेलची?" ते पडले शहरातले, त्यांना माझ्या प्रश्नाचे गांभीर्य कळले नाही.

माझा मधुमेह चौदा वर्षांचा होता. रात्री झोपेत श्वास अडखळे, म्हणून तोंडावर यंत्र बांधून निजावे लागे. गुडघे इतके झिजले होते, की मिस्सात गुडघा टेकताना वेदीचा आधार घ्यावा लागे. वजन कमी करण्याचे जे मार्ग असतात, ते सर्व मी चोखाळले होते. एकदा २२ किलो उतरवले होते आणि दीड वर्षात २६ किलो परत आले होते. डॉक्टरांनी आकडे समोर ठेवले. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची तेवढ्याच इतर रुग्णांशी तुलना केली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वय व इतर आजारांचा हिशेब जमेस धरता, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. 

तरीही माझ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो असा : जठरास कोणताही रोग नसताना ते कापणे नैतिक दृष्ट्या योग्य आहे काय? शरीर आपले स्वतःचे नाही, आपण त्याचे विश्वस्त आहोत, अशी आपली शिकवण आहे. निरोगी अवयव कापून टाकणे हे अंगविच्छेदन होय आणि ते सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. पण याचे उत्तर मला फार शोधावे लागले नाही. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी मूत्ररोगांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपुढे नेमक्या याच विषयावर भाषण केले होते. निरोगी अवयवसुद्धा तीन अटींवर काढता येतो, असे त्यांनी सांगितले. त्या अवयवाचे कार्य चालू राहिल्याने संपूर्ण देहास गंभीर अपाय होत असला पाहिजे, हा अपाय दुसऱ्या मार्गाने टाळता येण्यासारखा नसला पाहिजे आणि होणाऱ्या हानीपेक्षा लाभ मोठा असण्याची वाजवी खात्री असली पाहिजे. अवयव संपूर्ण देहासाठी असतो, हे संत थॉमस अक्विनास यांचे तत्त्व त्यामागे आहे. माझ्या बाबतीत तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. दुसऱ्या अटीपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो.

दुसरा मार्ग नाही, असे खरोखरच म्हणता येईल का? "फादर, तोंडावर ताबा ठेवा, एवढंच तर करायचंय," असे मला इतक्या माणसांनी प्रेमाने सांगितले होते, की ते माझ्या विवेकबुद्धीचाच आवाज वाटावा. ताबा हा दुसरा मार्ग होताच ना? या ठिकाणी प्रश्न वैद्यकशास्त्रातून निघून नीतिशास्त्रात शिरतो. भूक ही इच्छेच्या आधीन आहे की नाही, हा तो प्रश्न.

याचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले आणि त्या दोहोंमध्ये सुमारे सव्वासातशे वर्षांचे अंतर आहे.

संत थॉमस देहाने स्थूल होते, अशी परंपरा सांगते. त्यांनी आपल्या ईशज्ञानाच्या महाग्रंथात खादाडपणावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. सेमिनरीत ते आम्ही भराभर वाचून पुढे गेलो होतो, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. शस्त्रक्रियेपूर्वी ते मी पुन्हा काढून वाचले. त्यात ते क्षुधेचे दोन प्रकार करतात. एक केवळ नैसर्गिक, जी पचनासारख्याच शरीराच्या व्यापारांत मोडते. भूक आणि तहान ही त्यातली. तिच्यावर बुद्धीची आज्ञा चालत नाही आणि म्हणून तिच्या ठायी पुण्यही नाही आणि पापही नाही. दुसरी इंद्रियांची वासना. खादाडपणाचे पाप घडते ते या दुसरीच्या ठिकाणी. पुढे, संत ग्रेगरींच्या आधाराने, ते खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगतात. वेळेआधी खाणे, फार उंची खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. या पाचांत देहाच्या वजनाचा उल्लेख कोठेही नाही. उलट, अमुक बांगडा ताजा नाही म्हणून ताट बाजूला सारणारा सडपातळ गृहस्थ या यादीत अलगद सापडतो.

दुसरे उत्तर जपानमधून आले. १९९९ साली मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारे एक संप्रेरक शोधून काढले. त्याला ग्रेलिन असे नाव आहे. जेवणापूर्वी रक्तात त्याचे प्रमाण वाढते आणि ते मेंदूला भुकेचा निरोप देते. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की आहार कमी करून ज्यांनी वजन उतरवले, त्यांच्या रक्तात हे ग्रेलिन घटण्याऐवजी वाढले होते. म्हणजे जो माणूस निग्रहाने वजन कमी करतो, त्याला त्याचे शरीर पूर्वीपेक्षा अधिक भूक देते. बावीस किलो उतरवल्यानंतरचे ते महिने मला आठवले. मिस्साच्या वेळी, अर्पणविधीतसुद्धा, माझ्या मनात भात असे.

या संदर्भात आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीचा एक प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातील भुकेकंगाल लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे त्याला शोधायचे होते. त्यासाठी ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. हत्या करणे आपल्या विवेकाला पटत नाही, म्हणून शस्त्र धरण्यास नकार दिलेली ही मुले होती. त्यांतील अनेकजण क्वेकर, ब्रेदरेन अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांतले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. या तत्त्वनिष्ठ तरुणांचे काय झाले? ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटे चाटू लागले, एकेक घास तासभर पुरवू लागले. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरूनही त्यांतील काहींची भूक शमेना. विवेकासाठी समाजाची निंदा सोसणाऱ्या या मुलांत इच्छाशक्ती कमी होती, असे कोण म्हणेल?

हे सर्व वाचून माझ्या मनातील दुसऱ्या अटीचा प्रश्न मिटला आणि मी शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली. खर्चाचा काही भाग विम्यातून आला, उरलेला भावंडांनी उचलला. त्या रकमेबद्दल पुढे बोलतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिला पंधरवडा गाळलेले सूप, ताक आणि नारळपाणी यांवर गेला. कणभर घन पदार्थही वर्ज्य होता. त्या दिवसांत एक धर्मगुरू बंधू मला ख्रिस्तप्रसाद केवळ द्राक्षारसाच्या रूपात देत असत. तोही दोनतीन थेंब. धर्मविधिसंहितेत अशा गरजेची तरतूद आहे. पुढे मऊ भात आला, उकडलेला मासा आला, पाव भाकरी आली. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. प्रथिने आधी, बाकी नंतर. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले. मेच्या उकाड्यातही मला थंडी वाजे. मिस्साचा झगा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबे. आमच्या निवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशी माझे ताट पाहून म्हणाल्या, "फादर, एवढ्यात मांजराचं पण भागायचं नाय." परंतु मधुमेहाच्या औषधांपैकी इन्शुलिन सुटले, श्वासाचे यंत्र सुटले आणि एके दिवशी मी आधाराशिवाय गुडघा टेकला.

आणि भूक गेली. हे शब्दशः घ्यावे. ग्रेलिन मुख्यत्वे जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग कापला गेला होता. सकाळचे दोन मिस्सा, एक बाप्तिस्मा आणि आजाऱ्यांच्या भेटी आटोपून दुपारी दोन वाजता घरी यावे आणि आपण काही खाल्लेले नाही, हे घड्याळाने सांगावे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात अन्न औषधासारखे घ्यावे, असे म्हटले आहे आणि आपल्याला ते जमत नाही म्हणून परमेश्वरापाशी गाऱ्हाणे मांडले आहे. भूक भागवणे आणि चव घेणे यांच्या सीमेवर वासना दबा धरून बसते, असे त्यांचे दुःख होते. त्या महान संताला जन्मभर जे साधले नाही, ते मला एका सकाळी भुलीखाली असताना प्राप्त झाले.

आता वाचकांनी माझ्याबरोबर थोडा विचार करावा. मी संयमी झालो काय?

अॅरिस्टॉटलने निग्रही मनुष्य आणि संयमी मनुष्य यांत भेद केला आहे. निग्रही माणसाच्या मनात दुष्ट वासना उसळते, परंतु तो तिच्याशी झगडून तिला आवरतो. संयमी माणसाची वासनाच सवयीने आणि विवेकाने वळण लागून शांत झालेली असते. मी यांपैकी कोणीच नव्हतो. मी झगडलो नव्हतो आणि मला वळणही लागले नव्हते. माझ्यातून एक गोष्ट वजा झाली होती, एवढेच. तोतऱ्या माणसाचा आवाज गेला, तर त्याला मितभाषी म्हणत नाहीत.

पण लोक म्हणू लागले. "फादर, काय निश्चय तुमचा!" "फादरांनी मनावर घेतलं आणि करून दाखवलं." शस्त्रक्रियेबद्दल ठाऊक असलेली माणसेही असे बोलत. एका कुटुंबात तर बारा वर्षांच्या गुबगुबीत मुलीला माझ्यासमोर उभी करून आई म्हणाली, "बघ, फादरांना जमलं, तुला का जमत नाही?" ती मुलगी मान खाली घालून बोटाने ओढणी पिळत होती. मी तिच्या आईला तिथल्या तिथे सांगितले, की माझ्या पोटाचा चार भागांतला तीन भाग रुग्णालयात राहिला आहे आणि या मुलीने माझ्याकडून शिकण्यासारखे त्यात काहीच नाही. आईला ते फारसे आवडलेले दिसले नाही. पण मला त्या स्तुतीची गंमत उमगली होती. पंचवीस वर्षे ज्या तर्काने माझ्याकडे पाहून लोक गालातल्या गालात हसत होते, त्याच तर्काने आज ते मला शाबासकी देत होते. दोन्ही वेळा त्यांनी माझे पोट पाहून माझा आत्मा वाचला होता.

या बाबतीत आपण एक गोष्ट सहसा विसरतो. खादाड हा आरोप शुभवर्तमानात एकाच व्यक्तीवर झालेला आहे आणि ती व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष प्रभू येशू. जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीस बसतो, म्हणून विरोधकांनी त्याला खादाड आणि मद्यपी ठरवले. तो कोणाबरोबर जेवतो, हे त्यांना सलत होते.

शस्त्रक्रियेने मला पंक्तीपासून तोडले, हे माझे पहिल्या वर्षाचे खरे दुःख. वसईच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे धर्मगुरूची भेट म्हणजे पुढ्यात ताट आलेच. नाताळात नेवऱ्या, लग्नात फुगे आणि इंदाल, आगाशीकडे गेलो तर भुजिंग, आणि काहीच नसेल तर निदान सुकेळीची पुडी. यजमानीण दारात उभी राहून आपण किती खातो, ते पाहते. दोन घासांत हात आखडला, की तिचा चेहरा पडतो. चवही मंदावली होती. अन्नाकडे मी गोळ्यांच्या पुडीकडे पाहावे तसे पाहत असे. संत थॉमसच म्हणतात, की निसर्गाने देहधारणेसाठी जे सुख जोडून दिले आहे, त्याचा मुद्दाम अव्हेर करणे हाही एक दोष आहे. मी मुद्दाम काही करत नव्हतो, तरी त्या निर्विकारपणात मला पवित्र असे काही आढळले नाही. भुकेची पोकळी काहींच्या बाबतीत वेगळ्याच रीतीने भरते. बायपास या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात फार लवकर भिनू शकते. मलाही मिस्साचा द्राक्षारस जाणवू लागला आहे, म्हणून चषकात मी अगदी थेंबभरच घेतो.

या अवस्थेत पहिला प्रायश्चित्तकाळ आला. राखेच्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध बाई, जिला सारे गाव काकू म्हणते, माझ्याजवळ आल्या. कपाळावर राख तशीच होती. म्हणाल्या, "फादर, रागावू नका. पण तुम्हाला भूकच लागत नाय, मग तुमचा उपास तो कसला?"

सेमिनरीतील कोणत्याही प्राध्यापकाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. धर्मविधीनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासाचे बंधन असते. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावयाचे. मी छप्पन्न वर्षांचा आहे, म्हणजे वयाने बांधलेला. परंतु एक पूर्ण जेवण मी तीन वर्षांत एकदाही घेतलेले नाही. आजाऱ्यांना सूट असते, म्हणून मी सुटतो, असे सांगून काकूंना घरी पाठवता आले असते. पण त्यांनी मला बंधन विचारले नव्हते, अर्थ विचारला होता. मी म्हणालो, "काकू, विचार करून सांगतो." त्या म्हणाल्या, "सावकाश सांगा, चाळीस दिवस आहेत."

तेव्हा मला जव्हारकडचे दिवस आठवले. धर्मगुरुपणाची सुरुवातीची चार वर्षे मी त्या भागात होतो. त्याच्या पाचसहा वर्षे आधी, १९९२ साली, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची बातमी साऱ्या देशात गेली होती. आमच्या प्रायश्चित्तकाळात तिथले निम्मे पाडे रिकामे असत, कारण माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली असत. उरलेल्यांपुढे उपवासावर प्रवचन करायचे. एकदा एक म्हातारा मिस्सानंतर शांतपणे म्हणाला, "फादर, आमचा उपास पावसाळ्यात असतो." घरातली नागली संपलेली, वरई अजून शेतात, मजुरी बंद, असे ते दिवस. त्या भुकेला उपवास म्हणता येत नाही, हे उघड आहे. उपवासासाठी पुढ्यात अन्न असावे लागते आणि ते बाजूला सारण्याचे स्वातंत्र्य असावे लागते. त्या म्हाताऱ्यापाशी भूक होती, स्वातंत्र्य नव्हते. माझ्यापाशी स्वातंत्र्य होते, भूक नव्हती. आम्ही दोघेही उपवास करू शकत नव्हतो, मात्र त्याच्या आणि माझ्या असमर्थतेत काही लाख रुपयांचे अंतर होते. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला आया आपला घास मुलांना देऊन निजतात, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाने आपली भूक कापून घेण्यासाठी पैसे मोजावेत, ही गोष्ट मला टोचते. शस्त्रक्रिया अयोग्य होती, असे यातून सिद्ध होत नाही. पण टोचणी आहे, आणि ती राहावी अशीच माझी इच्छा आहे.

दुसऱ्या शतकात अरिस्तीदेस नावाच्या अथेन्सच्या एका ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना एक तपशील दिला आहे. त्यांच्यात कोणी गरीब असला आणि घरात जादा अन्न नसले, तर ते दोनतीन दिवस उपवास करतात आणि वाचलेले अन्न त्याला देतात. मला हा तपशील पूर्वीपासून ठाऊक होता, पण आता तो वेगळ्या प्रकाशात दिसला. या उपवासात भूक लागली की नाही, हा प्रश्नच गौण आहे. अन्न एका ताटातून दुसऱ्या ताटात गेले की नाही, एवढाच प्रश्न आहे.

याच्याच जोडीला शुभवर्तमानातील पुनरुत्थानानंतरचा प्रसंग घ्या. शिष्य भ्यालेले आहेत, भूत पाहिले असे त्यांना वाटते आहे, आणि प्रभू त्यांच्याकडे खायला मागतो. ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमक्ष खातो. पुनरुत्थित देहाला अन्नाची गरज नसते, त्याला खाण्याचे सामर्थ्य मात्र असते, असे संत ऑगस्टीन यांनी या विषयावर लिहिले आहे. म्हणजे प्रभूने तो मासा भुकेसाठी खाल्लाच नाही, समोरच्या माणसांची भीती जावी म्हणून खाल्ला. ही ओळ मी पास्काकाळात कित्येक वर्षे वेदीवरून वाचत आलो आहे. भुकेविना खाणाऱ्याच्या दृष्टीने ती वाचण्याची वेळ माझ्यावर आता आली.

ईस्टरच्या आठवड्यात मी काकूंच्या घरी गेलो आणि जे सुचले होते ते सांगितले. माझ्या जेवणातून मला आता फारसे काही वाचवता येत नाही, पण माझ्यावर होणाऱ्या अन्नखर्चाची पूर्वीची रक्कम तशीच बाजूला काढली जाते आणि महिन्याच्या अखेरीस जव्हारच्या बाजूला एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात जाते. आणि ज्या घरी जाईन, तेथे दोन घास खाईन, औषध म्हणून नव्हे, त्या घरासाठी. काकूंनी ऐकून घेतले. मग आत जाऊन बशीत एक लहानसा सुरमईचा तुकडा घेऊन आल्या आणि मी तो संपवीपर्यंत समोर बसून राहिल्या. उत्तर पटले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही.

हा प्रश्न एका धर्मगुरूचा खासगी प्रश्न राहिलेला नाही, म्हणूनच हे सारे लिहिले. भूक मंदावणारी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळू लागली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये अशी दोन परदेशी औषधे भारतात विक्रीस आली. आपल्या धर्मग्रामांतील काही घरांच्या फ्रिजमध्ये ती पोहोचलीही आहेत, हे मला आजाऱ्यांच्या भेटींतून ठाऊक आहे. ती घेणारे माझ्यासारखेच बारीक होतील आणि त्यांचीही स्तुती होईल. जे घेऊ शकणार नाहीत, ते मात्र यापुढे अधिकच आळशी आणि अधिकच खादाड समजले जातील, अशी मला धास्ती वाटते. पापनिवेदनाला येऊन "फादर, मी फार जाड झालेय" एवढेच सांगणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांना मी विचारतो, "ते ठीक आहे बाई, पण पाप कोणते?"

डॉक्टरांनी आरंभीच सांगून ठेवले होते, की भूक कायमची गेलेली नसते. बहुतेकांच्या बाबतीत वर्षदोन वर्षांनी ती थोडीफार परतते. माझी गेल्या प्रायश्चित्तकाळात परतली. बुधवारच्या सकाळी अकराच्या सुमारास शाळेच्या समितीची बैठक चालू होती आणि बरगड्यांखाली काहीतरी ओढल्यासारखे झाले. क्षणभर मला ते ओळखता आले नाही. मग ओळखीचे वाटले, दूरदेशी गेलेल्या नातलगाचा आवाज फोनवर ऐकावा तसे. भीती वाटली, कारण याच नातलगाने पूर्वी घर बळकावले होते. आनंदही झाला. त्या महिन्यात वजन दोन किलोने वाढले होते. डॉक्टरांनी ते कार्डावर लिहून घेतले आणि म्हणाले, "अपेक्षितच आहे, फादर. आता खरं तुमच्यावर आहे." मी त्यांना संत थॉमसविषयी काही सांगितले नाही. बाहेर तीसेक रुग्ण खोळंबले होते. शुक्रवारी दुपारी ती ओढ पुन्हा आली. तेव्हा मी घड्याळाकडे न पाहता तासभर ती तशीच राहू दिली.